क्लिपची कैफियत

महाराष्ट्राचा सर्वांत मोठा शत्रू कोण, यावर वर्तमानपत्रांतून अधूनमधून लेख येतात. कुणाला तो दुष्काळ वाटतो, कुणाला राजकारण, कुणाला शेजारचं राज्य. मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम.; असल्या मोठ्या विषयांवर माझं मत कुणी विचारत नाही. पण विचारलंच, तर मी सांगेन की महाराष्ट्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दोन शब्दांचं एक वाक्य आहे. 'चालतंय की!'

हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यात एका सायकलच्या क्लिपपायी घोडेगावात, मंचरला आणि एकदा तर प्रत्यक्ष पुण्यात, असं मिळून चौदा वेळा ऐकलं. चौदा हा आकडा अंदाजपंचे नाही. बँकेतल्या माणसाला नोंद केल्याशिवाय धड रागावताही येत नाही.

क्लिप म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. कारण क्लिप म्हटलं की आमच्या हिच्यासकट पुष्कळांना केसच आठवतात. सायकलच्या हँडलपासून मागच्या चाकापर्यंत ब्रेकची केबल जाते ती दांडीच्या अंगाअंगानं. दांडी म्हणजे, जिच्यावर बसून आपण लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला गेलो आणि उतरल्यावर पाय जागेवर आहेत की नाहीत हे चाचपून पाहिलं, ती वरची नळी. या दांडीला केबल धरून ठेवायला पत्र्याची एक अरुंद कडी असते. तिला एक खोबण, एक स्क्रू आणि एक नट. झाली क्लिप. सायकलमध्ये हिच्याइतका गरीब पार्ट दुसरा नसेल. घंटेला आवाज असतो, दिव्याला उजेड असतो, मडगार्डच्या वाट्याला निदान चिखल तरी येतो. क्लिपकडे कुणी बघत नाही. ती गळून पडली तरी बघत नाही.

आमच्या भागात तिची ओळख नाही याला कारण आहे, आणि ते मी न्यायबुद्धीनं नोंदवतो. इथं पिढ्यान्‌पिढ्या ज्या काळ्या सायकली चालल्या, हर्क्युलिस काय, अ‍ॅटलस काय, हीरो काय, त्या बहुतेक सळईच्या ब्रेकच्या. लिव्हर दाबलं की एक सळई दुसऱ्या सळईला ओढते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी ब्रेकचं रबर रिमला आतल्या बाजूनं जाऊन भिडतं. केबलच नाही, तर क्लिप कुठली? दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, मधे एखादा मुलगा असं सगळं त्या सळयांच्या भरवशावर घोड नदीच्या काठाकाठानं सुखरूप गेलं. तेव्हा सळईच्या मिस्त्रीला केबलचं शास्त्र येत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. शेवयांच्या आचाऱ्याला कुणी केकबद्दल बोल लावत नाही. तक्रार आहे ती केक म्हणून शेवया वाढण्याबद्दल.

माझी सायकल आहे रॅले. सासऱ्यांची. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आणि ही सायकल त्यांनी सत्तरच्या दशकात कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी घेतली. तेव्हाच ती जुनी होती. मागच्या हबवर महिना आणि वर्ष कोरलेलं आहे, त्यातलं वर्ष ५३. लग्नात त्यांनी मला स्कूटर दिली नाही, सायकल दिली. तेव्हा मी मनातल्या मनात काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. आज पेट्रोलच्या पावत्या पाहताना त्यांच्याविषयी आदर वाढतो. शिनोलीच्या बाजूनं, भीमाशंकरच्या रस्त्यानं मी रोज या सायकलवरून बँकेत येतो. हंगामात पुढं उसाचा ट्रॅक्टर असतो, त्याला दोन ट्रॉल्या असतात आणि दिवे असतील असं धरून चालायचं नसतं. श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. अशा रस्त्यावर ब्रेक हा शोभेचा विषय राहत नाही.

आता केबल ब्रेक कसा लावते, हे दोन मिनिटं ऐकून घ्या. ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन नावाच्या माणसानं १८९६ साली पेटंट केली. गंमत म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले कंपनी नावारूपाला आणणारे गृहस्थही बोडेनच, पण ते फ्रँक. दोघांचं जवळचं नातंगोतं असल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे दोन गावचे दोन पाटील असतात तसं. तर केबलमध्ये आत तार आणि बाहेर गुंडाळलेल्या पोलादाचं कव्हर. सगळ्यांचा समज असा, की काम आतली तार करते. अर्धसत्य! तार ओढली जाते तेव्हा कव्हर तितक्याच जोरानं दाबलं जातं. तार जमा, कव्हर नावे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला शिकवलं की प्रत्येक नोंदीला तेवढ्याच रकमेची उलटी नोंद असते. सायकलमध्ये हीच द्विनोंदी पद्धत आहे. कव्हर जागचं हललं, की तुम्ही लिव्हरवर खर्च केलेला जोर ते अंग सावरण्यात खाऊन टाकतं आणि उरलंसुरलं चाकाला मिळतं. सरकारी योजनेसारखं.

आणि म्हणून क्लिपांमध्ये दोन जाती आहेत. एक वाटाड्या, दुसरा टोलनाका. ब्रेकचं कव्हर हँडलपासून मागच्या ब्रेकपर्यंत अखंड जातं, त्याला तीन वाटाडे पुरतात. त्यांनी नुसतं 'असं इकडून जा' म्हणायचं. पण गिअरच्या केबलचं तसं नाही. तिचं कव्हर दांडीवरच्या एका क्लिपपाशी संपतं, तिथून पुढं उघडी तार सीटखालच्या कप्पीवरून वळून मागच्या हबपर्यंत जाते. ही क्लिप म्हणजे टोलनाका. सगळा दाब तिच्या अंगावर. वाटाड्या पेंगला तर केबल लोंबते आणि गुडघ्याला लागते. टोलनाका सरकला तर काय होतं, हे आमच्या मेव्हण्याला विचारा.

पण त्याआधी गिअर. स्टर्मी-आर्चर कंपनीनं १९३६ साली काढलेला हा तीन गिअरचा हब. पहिल्या गिअरला चाक पंचवीस टक्के हळू, दुसऱ्याला जेवढ्यास तेवढं, तिसऱ्याला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के जलद. एवढा दर आमच्या बँकेनं कुठल्याही ठेवीवर दिलेला नाही. फक्त या हबमध्ये एक खोड आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी आहे, की तिथं कुठलाच गिअर नसतो. सरकारी फाइल दोन टेबलांच्या मध्ये जिथं असते, तीच ही जागा. केबल अंमळ ढिली पडली की हब या जागेत जाऊन बसतो आणि पायडल रिकामं फिरतं.

तर माझ्या टोलनाक्याचा स्क्रू झिजून गळून पडला, तो मी मिस्त्रीकडे दाखवला. मिस्त्रींनी क्लिप दांडीला लावली, तिच्यावरून काळी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "चालतंय की, भाऊसाहेब!" नोंद क्रमांक एक. मी टेपकडे बोट दाखवून हरकत घेतली. तेवढ्यात मेव्हणा आला. तो पुण्याला असतो, व्यायामशाळेत जातो आणि त्याला माझ्या हरकती घेण्याच्या सवयीचं हसू येतं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही बसा. मी एक चक्कर मारून दाखवतो." चढ लागला तसा तो सीटवरून उठून पायडलवर उभा राहिला. टेपखाली क्लिप इंचभर मागं सरकली. तार ढिली पडली, हब दोन टेबलांच्या मध्ये गेला, पायडल खाली पडलं आणि मेव्हणा सबंध वजनानिशी दांडीवर बसला. पुढचे दोन दिवस तो चहा उभ्यानं पीत होता. हिनं दोन दिवस मला ऐकवलं, की तुमच्या सायकलनं माझ्या भावाला पाडलं. सायकलनं नाही हो, टेपनं! पण माहेरच्या माणसाच्या बाबतीत कार्यकारणभाव लावून दाखवणं हे कॉमर्सच्या अभ्यासक्रमात नाही.

टेपवाल्यांचं एक बरं असतं, की ते निदान सायकलला इजा करत नाहीत. उन्हात टेपचा डिंक वितळतो, त्याला धूळ बसते, आणि महिन्याभरात दांडी गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते, इतकंच. प्लास्टिकच्या पट्टीवाले त्याच्या पुढचे. कर्रकन् ओढायची, टोक कापायचं, संपलं. उन्हापावसात ती पट्टी ठिसूळ होऊन तुटते, आणि तुटेपर्यंत तिचं कापलेलं टोक पँटीवर आपली सही करत राहतं. मंचरला एका दुकानात मी क्लिप मागितली, तर दुकानदारानं शंभर पट्ट्यांचं पाकीट पुढं केलं. "एक तुटली की दुसरी लावा ना! शंभर आहेत." सायकल दुरुस्त करण्याची ही कल्पना मला नवी होती. उद्या एखाद्या डॉक्टरनं, ताप उतरत नाही म्हणून शंभर थर्मामीटर दिले तर?

पण माझं खरं भांडण आहे ते वेल्डिंगवाल्याशी. टेप सोडवता येते, पट्टी कापता येते. वेल्डिंगवाल्यानं केलेलं काम मात्र चार पिढ्यांना दिसतं. "एक टाका मारून देतो, साहेब. हत्ती लटकला तरी हलायची नाही." मला सायकलला हत्ती लटकवायचा नव्हता, पण हे त्याला पटवणं अवघड होतं. या जुन्या फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात, जोडांवर बाहेरून लोखंडी खोळ असते आणि आत पितळ वितळवून बेतानं सांधलेलं असतं. अशा नळीला मध्येच टाका मारला की वरचा रंग जळतो, पत्रा त्या जागी कमजोर होतो, आणि आतून, जिथं आपल्याला दिसत नाही तिथं, गंज धरायला जागा मिळते. त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा तज्ज्ञ म्हणाला, "टाका नको तर भोक पाडून स्क्रू मारू." दांडीला भोक! म्हणजे पावसाचं पाणी आत जायला सोय आणि तडा जायला मुहूर्त. आपल्या लोकांना चांगल्या वस्तूला भोक पाडायचा फार सोस. नवीन भिंत मिळाली की आधी खिळा, नवीन कान मिळाला की आधी सोनार.

तिसरा वर्ग हितचिंतकांचा. "किती दिवस ही ओढणार? नवीन घ्या एक." हे आमच्या बँकेतले सहकारी. त्यातले दोघे कर्ज विभागात आहेत, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानता येत नाही. नवीन घ्या म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारतो, की कोणाची? १९५१ साली सोनीपतला सुरू झालेली अ‍ॅटलस घ्या. तिच्या साहिबाबादच्या कारखान्यानं ३ जून २०२० रोजी कामगारांना आता येऊ नका म्हणून सांगितलं. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन! इतका अचूक मुहूर्त आमच्या गुरुजींनाही काढता आला नसता. आपल्याकडे रॅले बनवणारा आसनसोलचा सेन-रॅलेचा कारखाना सरकारजमा होऊन बंद पडला. खुद्द स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानला विकली गेली, म्हणजे माझा हब अजून फिरतो आहे आणि तो करणाऱ्यांनी गाव बदललं. तेव्हा नवीन घेण्याआधी, आहे ती का टाकायची याचं कारण पाहिजे. क्लिप मिळत नाही, हे ते कारण नव्हे. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून कुणी सदरा टाकत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

आणि चौथा वर्ग उलट्या दिशेचा. पुण्यातले एक सद्गृहस्थ जुन्या सायकलींचे मोठे दर्दी. त्यांना मी माझी अडचण सांगितली. ते डोळे मिटून म्हणाले, "मूळ नॉटिंगहॅमचीच क्लिप पाहिजे. त्याच सालची. तोवर सायकलला हात लावू नका." त्यांची स्वतःची सायकल दिवाणखान्यात भिंतीवर, गणपतीच्या शेजारी टांगलेली होती. 'चालतंय की' म्हणणाऱ्याची सायकल वाईट चालते. यांची चालतच नाही. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. ते मी तास-दीड तास हिंडून पाहिलं, आणि तिथं एकेका सायकलची जी निगा राखली आहे तिच्याबद्दल त्यांना मनातून नमस्कार केला. पण संग्रहालयाचं काम संग्रहालयानं करावं. माझ्या सायकलला दहाच्या आत बँकेत पोचायचं असतं.

"एवढ्याशा क्लिपसाठी एवढं?" हा प्रश्न मात्र सगळ्या वर्गांनी विचारला, म्हणून त्याचं उत्तर देतो. आमच्या शाखेतले एक निवृत्त हेडकॅशिअर लेजरच्या काळातल्या गोष्टी सांगतात. हिशेबात पाच पैशांचा फरक आला तर सगळी शाखा रात्री अकरापर्यंत बसत असे. कुणी म्हणालं, "मी खिशातून पाच पैसे टाकतो, पण घरी जाऊ द्या," तर त्याला परवानगी नव्हती. कारण पाच पैशांचा फरक हा पाच पैशांचाच असतो असं नाही. एका बाजूला एक हजाराची चूक आणि दुसऱ्या बाजूला नऊशे नव्व्याण्णव रुपये पंच्याण्णव पैशांची चूक, अशा दोन चुका मिळूनही पाच पैशांचाच फरक दिसतो. क्लिप हा माझ्या सायकलमधला पाच पैशांचा फरक आहे. तिच्यावरून टेप गुंडाळणं म्हणजे खिशातून पाच पैसे टाकून घरी जाणं.

आणि 'चालतंय की' म्हणणारे हेच मिस्त्री महिन्यापूर्वी काउंटरवर आले होते. पासबुकात सतरा रुपये सत्तर पैसे कमी दिसत होते म्हणून. एस.एम.एस.चा आकार कापला गेला होता, पण ते कळेपर्यंत मिस्त्रींनी तीन खिडक्या पालथ्या घातल्या, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आले आणि दुपारचं जेवण हुकवलं. त्या वेळी मी काचेमागून हसून 'चालतंय की, वस्ताद!' म्हटलं असतं, तर चाललं असतं का? स्वतःच्या सतरा रुपयांना हिशेब आणि दुसऱ्याच्या ब्रेकला टेप, हा न्याय मला मान्य नाही. त्यांना हे मी बोलून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण हातातली टेप खाली ठेवली.

शेवटी क्लिपा मिळाल्या त्या पुण्यात, बोहरी आळीत, एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात माळ्यावरच्या डब्यात. पण त्या सव्वा इंची नव्हेत, एक इंचीही नव्हेत, एक-अष्टमांश वर. माझी दांडी एक इंचाची, म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. क्लिपा अठ्ठावीस पूर्णांक सहाच्या. दुकानदार म्हणाला, "आवळली की बसते. चालतंय की." नोंद क्रमांक चौदा. वजाबाकी केली तर फरक तीन पूर्णांक दोन, आणि तो नळीच्या दोन्ही अंगांना वाटला जातो, म्हणजे सगळीकडून एक पूर्णांक सहा मिलिमीटरची भर हवी. पत्रा वाकवून आवळलं तर क्लिप गोल राहत नाही, पेरूसारखी होते आणि दोनच ठिकाणी टेकते.

मग आम्ही, म्हणजे मी आणि तेच मिस्त्री, रविवारी सकाळी बसलो. वाटाड्यांना रबर चालतं, कारण त्यांच्यावर दाब नाही. जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडीला दोन वेढे दिले, वर क्लिप बसवली. स्क्रू खालच्या अंगाला घेतला, म्हणजे पँटीला लागत नाही आणि खोबणीत पाणी साचत नाही. पट्टीखाली आधी बोटभर ग्रीस फिरवलं. आमच्याकडचा पाऊस रबराखाली शिरला की मुक्कामाला राहतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल कुठं ताणत नाही ना ते पाहिलं आणि मगच स्क्रू आवळले. लोक आधी आवळतात आणि मग हँडल वळवतात.

टोलनाक्याला मात्र रबर उपयोगी नाही. रबर दबतं, आणि इथं दबून चालत नाही. त्यासाठी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याच्या कडा कानशीनं मोडल्या आणि एकावर एक वेढे देत दांडीची जाडी क्लिपला पुरेल इतकी करून घेतली. मग गिअर दुसऱ्यावर टाकला. मागच्या चाकाच्या उजव्या नटाला एक खिडकी असते; तिच्यातून पाहिलं की आतल्या कांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. आमचा खांदा किंचित आत होता. मिस्त्रींनी क्लिप ढिली करून दोर्‍याएवढी पुढं घेतली, आवळली, पुन्हा वाकून पाहिलं. पुन्हा ढिली केली, पुन्हा आवळली. चौथ्या खेपेला ते खिडकीपाशी बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "आयला, भाऊसाहेब, हे तर पासबुकासारखं जुळतंय की!"

हे वाक्य मी वेगळ्या पानावर नोंदवलं आहे.

हिशेब असा. क्लिपा पाच, प्रत्येकी पंधरा रुपयांप्रमाणे पंचाहत्तर. एस.टी. येऊन-जाऊन, पण ती सासऱ्यांना भेटायच्या खाती टाकली आहे. पत्रा फुकट, मात्र त्यासाठी मेव्हण्यानं एक थंड पेय प्यायलं, उभ्यानं. जिथं रंग खरवडला होता तिथं हिच्या नेलपॉलिशचे दोन हात दिले, त्या बाटलीची चौकशी घरात अजून चालू आहे. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, मी ती बळजबरीनं दिली. चार क्लिपा लागल्या, एक शिल्लक आहे. परवा मंचरचे एक गृहस्थ तशीच एक जुनी सायकल घेऊन मिस्त्रींकडे आले होते, आणि मिस्त्रींनी त्यांना टेप न दाखवता सरळ माझ्या खिडकीवर पाठवलं. मी त्यांना क्लिप दिली नाही. आधी दांडीचं माप घेऊन या म्हटलं.